चुड्याची सीडी

"भुजंग्या, हात धू आन् हिकडं बघ."

रिठ्याच्या पाण्यात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बुडालेले. पैंजणांचा ढीग धुवायला घेतला होता. मान वर केली तर दारात कस्तुराक्का. आमच्या गल्लीची कासारीण. साठी उलटलेली बाई, पण आवाज असा की रस्त्यानं जाणारा बैल थांबावा. त्या दिवशी मात्र आवाज पार बारीक झालेला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते तिनं असं धरलेलं, जसं बाळंतघरातनं लेकरू आणतात.

तिच्या मागं सुकुमार फोटोवाला. आणि त्याच्या मागं, चपला बाहेर न काढता, भूपालअण्णा मगदूम.

ह्याला बघून मी उठलोच. आमचं गाव चांदीचं. घरटी कुणी पैंजण जोडतंय, कुणी घुंगरू भरतंय, आणि माझ्यासारखा कुणी पॉलिश मारतंय. अण्णाचा कारखाना मोठा. माझ्याकडं येणाऱ्या मालातला निम्मा त्याचा. पण माणूस स्वतः कधी माझ्या दुकानाची पायरी चढला नव्हता. (नावं बदलून सांगतोय. गावाचं तर घेतच नाही.)

"काय आक्का?"

तिनं फडकं सोडलं. आत सीडी. चकाकी अशी नाहीच, नुसती पांढरट, धुकं धरल्यागत.

"हिला पॉलिश मार."

मला हसू आलं. "आक्का, मी चांदीवाला हाय. ही प्लास्टिकची चकती."

"हसू नगंस," ती म्हणाली. "पाच वाजता चौगुल्यांच्यात चुडा हाय."

माझं हसू तिथंच मेलं.

सांगतो. मे महिन्यात अण्णाच्या पोरीचं, पद्माचं लग्न झालं. चुडा भरायला कस्तुराक्का गेली. चुडा भरताना हातातलं सोनं उतरवतात, नाहीतर काचा फुटतात. आक्कानं पद्माच्या पाटल्या उतरवल्या, शेजारच्या ताटात ठेवल्या. चुडा झाला, बायका ओटी भरायला आत गेल्या, माघारी येऊन बघतात तर ताट रिकामं. पोलिसात कुणी गेलं नाही. तोंडावर कुणी चोर म्हटलं नाही. अण्णाची बायको विमलवैनी एवढंच बोलली, "ताटाजवळ कासारीणच होती की." बास. तेवढ्यानं झालं.

काच काय, बाजारात कुणीबी विकतंय. कासारणीकडं बाई येते ती आपला हात तिच्या हातात द्यायला. आणि तो हातच चोराचा म्हटल्यावर कोण देणार? नागपंचमी गेली, दिवाळी गेली, एकाही घरानं बोलावलं नाही. तुळशीचं लग्न झालं आणि पहिलाच चुडा निघाला चौगुल्यांच्यात. ते घर आक्काच्या सासूच्या सासूपासनं चालत आलेलं. त्यांनी इचलकरंजीचा कासार सांगितला. आमच्याकडं रीत आहे: घरातल्या नवरीला एकदा दुसऱ्या कासाराचा हात लागला की ते घर त्याचं झालं. परत मागायचं नाही. आणि चौगुल्यांचं गेलं की मागनं सगळी गल्ली जाणार.

त्याच आठवड्यात सुकुमारनं बोलता बोलता तिला सांगितलं, "आक्का, त्या चुड्याचं तर सगळं शूटिंग हाय. मी कॅमेरा स्टँडवर लावला आन् जेवायला गेलतो." ती न बघताच उतरवलेली सीडी अण्णाच्या घरी; पाटल्या गेल्या म्हणून घरात कुणी ती लावलीच नव्हती. टेप सुकुमारनं पुढच्या लग्नाला वापरलेली. म्हणून सकाळी दूध डेअरीसमोर आक्का अण्णाला आडवी गेली आणि चार माणसांत म्हणाली, "ती सीडी लावा. मी घेतल्या असतील तर माझं तोंड काळं करा."

अण्णा म्हणाला, "लाव की. पण आमच्या आईनं, म्हातारीनं, दसऱ्याला त्या सीडीला हळदीकुंकू वाहिलंय, आन् मग देवाच्या भांड्यांसंगट राखंनं घासलीय." डेअरीतली माणसं पोट धरून हसली.

सुकुमारच्या दुकानात लावून बघितली. मशीन नुसतंच गरगर फिरतंय, वाचत काय नाही. म्हणून सगळे माझ्या दारात. अण्णा का आला? तर सीडी कुणी बदलू नये म्हणून, असं तो म्हणाला.

घड्याळात दोन वाजून गेले होते.

मी सीडी घेतली, खिडकीपाशी गेलो आणि तिरकी धरली. मला लिहायवाचायला फार येत नाही, पण घासलेल्या वस्तूवरचा हात मला वाचता येतो. कुठली बाई जोर लावते, कुठली नुसतं पाणी फिरवते, वस्तू सांगते. राख मऊ असते. राखेनं वस्तू मळकट होईल, एखादा खडा आला तर एखादा ओरखडा. इथं चर सगळे एका जाडीचे. शेजारी शेजारी, नांगरलेल्या रानागत. हे पॉलिश-कागदाचं काम. बारीक कागद, आमच्याच धंद्यातला. मग उलटी केली. वरच्या बाजूला 'चि. सौ. कां. पद्मा' म्हणून छापलेलं, आणि त्यावर एक रेघ नाही. जी म्हातारी जन्मभर तांब्याचं बूडसुद्धा घासत आली, ती एकच बाजू घासून ठेवील?

मी मान वर केली. अण्णा सीडीकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता.

"राख हाय," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "आसंल."

ओळखलं मी, आणि मी ओळखल्याचं त्यानंही ओळखलं. पण का, ते काही माझ्या डोक्यात शिरेना. चोरी त्याच्या घरात झालेली. चोर सापडू नये असं त्याला का वाटावं?

"सुकुमार, हे चित्र असतंय कुठं? चकाकी तर गेलीय सगळी."

"मामा, चित्र खालच्या बाजूला नसतंयच मुळी. ते वर, ह्या छापलेल्या नावाच्या लगीच खाली. खालचं नुसतं चष्म्याच्या काचंगत. काच धुरकट झाली म्हणून मशिनला दिसंना झालंय. ह्याच्याऐवजी वरनं टाचणीनं दोन रेघा मारल्या असत्या तर देवाचा बाप आला असता तरी काय मिळालं नसतं."

अण्णानं पहिल्यांदाच सीडीकडं बघितलं. चांदीवाल्याची अक्कल शेवटी. चकाकी मारली की माल मेला, असंच आम्हाला वाटणार.

"मग मोटर चालू करतो."

"मोटर नगं!" सुकुमार ओरडला. "गरम झालं की वितळतंय. हातानं. आन् गोल न्हाई मारायचं. मधनं कडंला, सरळ. आडवा चर असला तर मशीन टुणकन उडी मारून पुढं जातंय. पण गोल चर पडला की ते त्याच्यातच चालत बसतंय, आन् सगळं जातंय."

रिठ्याच्या पाण्यात सीडी धुतली, बोटांनी, अलगद. जुन्या धोतराचं मऊ फडकं घेतलं. चांदीला शेवटचा हात मारायची पूड पाण्यात कालवली. आणि बसलो.

मधनं कडेला. उचलायचं. परत मधनं कडेला.

बोलायला सोपं आहे. तीस वर्षं ह्या हातानं गोलच मारलेलं. पाच-सात वेळा सरळ जाई, आणि जरा ध्यान हललं की मनगट आपोआप वळायला बघे. मी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. घाम नाकावरनं खाली यायला लागला. आक्का समोर उकिडवी बसलेली, तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं.

"दमानं कर रं बाबा."

सुकुमार मशीन तयार ठेवायला त्याच्या दुकानात गेला, शेजारीच होतं. आक्का पाणी आणायला मागं मोरीत गेली. तेवढ्यात अण्णा खाली वाकला. माझ्या कानाशी.

"भुजंगा, पॉलिश गोल मारायचं असतंय."

मी फडकं परत पुडीत बुडवलं.

"तीस वर्षं गोलच मारतोयस. सवयच ती. हात वळला तर तुला कोण नावं ठेवणार न्हाई." मग जरा थांबून, "मी म्हणत होतो, ह्या मोसमाचा सगळाच माल तुझ्याकडं द्यावा. दुसरीकडं कशाला वाटायचा?"

खोटं बोलत नाही, माझा हात थांबला. दोन पोरं शाळेत होती. छपराचे पत्रे गळत होते. आणि एक गोल फिरवायचा होता हात, एकच. आक्काला कळलंही नसतं. मलासुद्धा म्हणता आलं असतं, सवय.

मोरीतनं तांब्याचा आवाज आला.

"अण्णा," मी म्हटलं, "उजेडातनं जरा सरका."

तो सरकला. मी मारलं. सरळ.

सव्वातीनला सीडी सुकुमारच्या मशिनात गेली. चौघं त्या कॉम्प्युटरभोवती. आतनं खर्रर खर्रर आवाज, जसं कुणी पत्र्यावर नख ओढतंय. मग एकदम चित्र आलं. आक्कानं माझा दंड असा धरला की वळ उठला.

पद्मा पाटावर बसलेली. चौकोन चौकोन होऊन चित्र फुटायचं, परत जुळायचं. सनईचा आवाज उचकी लागल्यागत. आणि आक्का दिसली. तिनं पोरीचा हात घेतला, पाटल्या काढल्या. त्या हातात घेऊन क्षणभर तशीच बसली. वर बघितलं, दाराच्या बाजूला. आणि पाटल्या ताटात ठेवल्या.

"ठेवल्या!" सुकुमार खुर्चीतनं उडाला. "बघा, ठेवल्या! आक्का, सुटलीस!"

आणि चित्र गोठलं. पडदा हिरवा, मग काळा. परत आलं तेव्हा खोली रिकामी, ताट रिकामं.

अण्णा म्हणाला, "ठेवल्या ते आम्हीबी बघितलंतं. उठताना परत घेतल्या न्हाईत कशावरनं? मधलं कुठं दिसतंय?"

आक्काचा माझ्या दंडावरचा हात सुटला.

"बास आता," अण्णानं घड्याळ बघितलं. "चार वाजत आलं. मला चौगुल्यांच्यात जायचंय."

"थांबा," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. "सुकुमार, कितव्या जाग्यावर अडलं? चकतीवर दाखव."

"मामा, ती आतनं भाईर वाचत येती. म्हंजे..." त्यानं बोटं धरून मापलं. "हितनं दोन बोटं."

तिथं भिंगानं बघितलं. एक चर होता, बाकीच्यांपेक्षा खोल. कागदात खडा आला असणार. तो चर घालवायचा तर त्याच्या भोवतीचं सगळं तेवढंच खाली आणायला पाहिजे. आणि जास्त घासलं तर आरपार नाही झालं तरी खळगा पडणार, मग चित्र वाकडं. पैंजणावर चुकलो तर नवा पैंजण घडतो. हे परत घडणार नव्हतं.

"मारू काय आक्का? गेलं तर आता दिसतंय तेबी जाईल."

"आता जे दिसतंय त्याचा मला काय उपेग?"

परत माझ्या दुकानात येऊन बसलो, आणि ह्या खेपेला डोळे मिटून मारलं. खरंच. डोळ्यांनी मनगट वळतंय, बोटानं नाही वळत. बोटाला चर लागत होता, केसाएवढा. मधनं कडेला. मधनं कडेला. बाहेर शाळा सुटली, पोरांचा कालवा गेला. मधनं कडेला. अण्णा दारात उभा राहून आत-बाहेर करत होता, त्याच्या नव्या चपला करकर वाजत होत्या. आणि एका घासाला बोट घसरलं. चर लागला नाही. परत फिरवलं, नाही.

धुतली, पुसली, दिली. चार वाजून पस्तीस मिनिटं.

खर्रर. खर्रर. सुकुमार देवाचं नाव घेत होता. चित्र आलं, पुढं सरकलं, पाटल्या ताटात गेल्या. हिरवं झालं. आणि परत आलं, तिथनंच.

बायका उठल्या. पद्माला घेऊन आत गेल्या. आक्कानं आपली पेटी मिटली, पदर सावरला, दोन्ही हात रिकामे, आणि तीही ओटीला आत गेली. खोलीत कोणी नाही. नुसतं ताट. मग दारातनं पांढरा शर्ट आला. माणूस दोन्हीकडं बघून खाली वाकला, पाटल्या उचलल्या, रुमालात गुंडाळल्या, खिशात घातल्या. उठताना त्याचं तोंड सरळ कॅमेऱ्याकडं झालं. कॅमेरा चालू आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

भूपालअण्णा.

सुकुमारचा आ वासलेला. मी मागं वळून बघितलं नाही, धीर झाला नाही. चपलांची करकर थांबलेली.

"बंद कर ते," आक्का म्हणाली.

"आक्का, अगं ह्यानंच..."

"बंद कर म्हणते न्हवं." मग ती वळली. मला वाटलं आता ही तोंडाचा पट्टा सोडणार, सहा महिन्यांचं सगळं काढणार. ती एकदम हळू बोलली, आजारी माणसाशी बोलावं तशी. "अण्णा, लग्नाच्या घाईत तुम्ही पाटल्या उचलून ठेवल्यासा. आन् इसरलासा."

"इसरले?" सुकुमार म्हणाला.

"गप रं. इसरलेत म्हणते मी."

अण्णा भिंतीला टेकला होता. तोंड चुन्यागत पांढरं. "व्हय. इसरलो."

"मग जाऊन सांगा तसं. पाचाच्या आत."

चौगुल्यांच्या अंगणात मांडव, बायकांची दाटी. इचलकरंजीच्या कासारानं पेटी उघडून हिरव्या बांगड्यांच्या माळा काढून ठेवलेल्या. नवरी पाटावर. आक्काची पेटी मी उचलून आणली होती, फाटकाशीच थांबलो. अण्णा मधोमध गेला, डोक्यावरची टोपी काढली.

"पद्माच्या पाटल्या मीच ठेवल्या होत्या. कपाटात. इसरलो होतो. कस्तुराक्काकडं काय दोष न्हाई."

एवढंच. पण गावातल्या मोठ्या माणसानं बायकांत उघड्या डोक्यानं उभं राहून सांगितलेलं. कुणाच्या कंकणाचा आवाज येईना. विमलवैनी नवऱ्याकडं नुसती बघत राहिली. तिला काही माहीत नव्हतं, हे मला तिथं कळलं.

इचलकरंजीचा कासार शहाणा माणूस. एकेक माळ उचलून पेटीत ठेवली, पेटी मिटली आणि उठला. "आक्का, बसा. घर तुमचं हाय."

आक्का बसली. नवरीआधी विमलवैनीच पुढं आली, तिच्यासमोर मांडी घातली. हातातल्या पाटल्या स्वतः काढल्या. शेजारी ताट होतं, ताटात नाही ठेवल्या. आक्काच्या तळहातावर ठेवल्या. आक्कानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, तशाच बाजूला केल्या आणि वैनीचा हात आपल्या हातात घेतला.

"बोटं मिट. ढिला सोड हात. गं बाई, केवढी वाळलीस तू!"

आणि बायका हसल्या. सहा महिन्यांनी तो बैल थांबवणारा आवाज गल्लीत घुमला.

दिवेलागणीला मी तिची पेटी घेऊन तिच्यासंगं निघालो. थोडं चालल्यावर मला राहवलं नाही.

"आक्का, आत्ता वैनीच्या पाटल्या तू न बघता बाजूला ठेवल्यास. पद्माच्या मात्र हातात धरून बसली होतीस. सीडीत दिसलं मला."

ती चालत राहिली.

"वजन बघितलं," ती म्हणाली.

"कसलं?"

"चांदी होती ती. वरनं सोन्याचं पाणी. चाळीस वर्षं झाली पाटल्या उतरवतेय, हाताला कळतंय. वर बघितलं तर अण्णा दारात. त्याला वाटलं, ही आता बोलणार. सासरला सोन्याच्या म्हणून कबूल केलेल्या, आन् ती माणसं तर दुसऱ्या दिवशी येणार होती."

मी रस्त्यातच थांबलो. "म्हणून त्यानं उचलल्या. आन् चोरीचा आळ तुझ्यावर गेला, ते त्याच्या पथ्यावर पडलं."

"त्याला कुठं ठावं, एवढं वाढंल म्हणून. एकदा गप बसला, मग बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

"आन् तू? एक शब्द बोलली असतीस तर त्याच दिवशी सुटली असतीस!"

"मी सुटले असते." तिनं पदर खांद्यावर ओढला. "आन् पद्मा? सासरी जन्मभर काय ऐकलं असतं तिनं? हात माझ्या हातात दिलावता रं पोरीनं."

मी पेटी ह्या हातातनं त्या हातात घेतली. मग विचारलं, "आन् आता? कपाटात हायत म्हणून बसलाय की तो चारचौघांत."

"आता खऱ्या घडवाव्या लागतील त्याला. घडवंल. बाप हाय." ती दोन पावलं पुढं गेली, मागं वळून माझ्यावर डोळे वटारले. "उभा काय ऱ्हायलायस? चल. आन् पेटी सरळ धर, काच हाय तीत."